ल्युगर पी०८ खरं की जुळवलेलं : नंबर नंतर बघा, आधी कामाचा क्रम बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. ओहायोमध्ये एका घरातल्या वस्तूंच्या विक्रीत तुम्हाला ल्युगर पी०८, म्हणजे जुनं जर्मन पिस्तूल, दिसलंय, चेंबरवर (काडतूस बसतं तो नळीमागचा भाग) १९१७ आणि त्याच्या वर १९२० अशी दोन सालं, टॉगलवर, म्हणजे वर मोडणाऱ्या सांध्यावर, बनवणाऱ्या डीडब्ल्यूएम कंपनीची गुंफलेली अक्षरं, मॅगझिनचा नंबर वेगळा, आणि विकणारा म्हणतोय "ऑल मॅचिंग (सगळ्या पार्टचे नंबर जुळणारे), जर्मन ऑफिसरचं, फॅक्टरीतून आलं तसंच आहे". तुम्हाला विचारायचंय की दोन सालं म्हणजे काही गडबड आहे का आणि हे अस्सल आहे हे ओळखायचं कसं.

आधी दोन सालांचं सांगतो कारण त्याच्यात गडबड काहीच नाही, उलट ती चांगली खूण आहे. पहिलं महायुद्ध संपल्यावर व्हर्सायच्या तहानं जर्मनीचं सैन्य १,००,००० माणसांवर आणलं, आणि लाखो हत्यारं घरोघरी, गोदामांत, वेगवेगळ्या सशस्त्र टोळ्यांकडे पसरलेली होती. ती गोळा करायचं काम सुरू झालं तेव्हा सरकारी हत्यार कुठलं आणि चोरलेलं कुठलं हे कळावं म्हणून सैन्यानं आणि पोलिसांनी आपल्या ताब्यातल्या हत्यारांवर १९२० ठोकलं. म्हणजे १९१७ हे बनवल्याचं साल आणि १९२० हा मालकीचा शिक्का. संग्राहक याला डबल डेट म्हणतात. काहींवर १९२१ पण असतं.

पण मग "फॅक्टरीतून आलं तसंच" हे वाक्य जरा बाजूला ठेवा. ज्याच्यावर १९२० आहे ते पिस्तूल युद्धानंतरही सरकारी नोकरीत राहिलंय, त्याची तपासणी झाली असणार, कदाचित दुरुस्ती, कदाचित नळी बदलली, कदाचित परत ब्लूइंग, म्हणजे पोलादावर निळा-काळा थर चढवणं. ती दुरुस्ती सरकारी कारखान्यात झाली असेल तर ती इतिहासाचाच भाग आहे आणि माझ्या मते त्याला कमी लेखायचं कारण नाही. कुणी मागच्या वीस-तीस वर्षांत गॅरेजमध्ये केली असेल तर ती वेगळी गोष्ट. सगळा प्रश्न या दोनांतला फरक ओळखण्याचा आहे.

मी मूळचा टूलरूमचा माणूस, डाय आणि जिग-फिक्श्चर करता करता या जुन्या हत्यारांच्या तपासणीत आलो, त्यामुळे माझी बघायची पद्धत थोडी वेगळी आहे. बहुतेक लोक आधी नंबर बघतात, सगळीकडे शेवटचे दोन आकडे सारखे दिसले की खूश. पण नंबर मारायला काय लागतं, पंचाचा सेट आणि हातोडी. खोटं करायला अवघड जातो तो कामाचा क्रम, म्हणजे कारखान्यात मिलिंग कधी झालं, पॉलिश कधी, कुठला शिक्का ब्लूइंगच्या आधी पडला, कुठला नंतर, कुठला पार्ट ब्लूइंगच्या टाकीत गेलाच नाही. हा क्रम धातूत कायमचा राहतो, आणि नंतर कुणी हात लावला की तो कुठेतरी मोडतो. तो कुठे मोडला ते शोधायचं, बाकी सगळं त्याच्या मागून.

त्याच्यासाठी थोडा इतिहास लागेलच. ह्यूगो बोर्खार्टनं १८९३ मध्ये टॉगलवर चालणारं पिस्तूल केलं, गुडघ्यासारखा सांधा वर मोडतो ती यंत्रणा, पण ते अवजड होतं. ऑस्ट्रियाच्या टायरॉलमध्ये जन्मलेल्या गेऑर्ग ल्युगरनं ते सुटसुटीत केलं आणि बर्लिनच्या डीडब्ल्यूएम कंपनीनं बनवायला घेतलं. १९०० मध्ये स्वित्झर्लंडनं ते ७.६५ मिमीमध्ये घेतलं, १९०४ मध्ये जर्मन नौदलानं १५० मिमी नळीचं घेतलं आणि १९०८ मध्ये जर्मन लष्करानं ९ मिमीचं, १०० मिमी नळीचं, तेच आपलं पी०८. १९१३ मध्ये २०० मिमी नळीचं तोफखान्यासाठीचं मॉडेल आलं, ८०० मीटरपर्यंत नेम धरायची साइट आणि मागं लाकडी दस्ता लावायची सोय असलेलं. डीडब्ल्यूएमशिवाय एर्फुर्टच्या सरकारी शस्त्रागारात १९११ पासून युद्ध संपेपर्यंत पी०८ बनत होती. एर्फुर्टची ओळख अगदी सोपी आहे, टॉगलवर मुकुट आणि खाली एर्फुर्ट, आणि जवळजवळ प्रत्येक बारीक पार्टवर तपासनीसाचा मुकुट-अक्षराचा शिक्का, इतके शिक्के की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं कुणीतरी मागाहून मारलेत. डीडब्ल्यूएमवर एवढे नसतात. फिनिशिंग एर्फुर्टचं थोडं खरबरीत, मिलिंगच्या खुणा दिसतात, आणि त्या दिसायलाच हव्यात! एर्फुर्ट आरशासारखं गुळगुळीत दिसलं तर मला शंका येते.

आता नंबर इतके का मारायचे हे समजून घ्या. ल्युगरचे पार्ट मशीनवर व्हायचे पण शेवटचं फिटिंग हातानं, कानस लावून, एका पिस्तुलाचा पार्ट दुसऱ्याला नीट बसेलच असं नाही. मग पॉलिश आणि ब्लूइंगला सगळे सुटे करून पाठवायचे तर परत येताना कुठला कुणाचा कसं कळणार, म्हणून नंबर. फ्रेम (मुठीसकटचा सांगाडा), नळी आणि रिसीव्हरवर (नळी ज्यात बसते तो वरचा भाग) पूर्ण नंबर आणि बारीक पार्टवर शेवटचे दोन आकडे, टॉगलचे सांधे, साइड प्लेट, ट्रिगर, सेफ्टी, एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस बाहेर ओढणारा पार्ट), अगदी फायरिंग पिनवर आणि मुठीच्या लाकडी पट्ट्यांच्या आतल्या बाजूलासुद्धा. लष्करी पिस्तुलावर हे आकडे सहज दिसतील असे बाहेर मारलेले, खासगी विक्रीच्या पिस्तुलांवर बऱ्याचदा झाकलेल्या जागी.

सिरियल नंबरची पद्धतही लक्षात घ्या. लष्करी उत्पादनात दर वर्षी नंबर १ पासून सुरू, १०,००० झाले की परत १ पासून पण खाली छोटं अक्षर ए, मग बी, असं पुढे. त्यामुळे एकच नंबर एकाच कारखान्याच्या एकाच सालात अनेकदा येऊ शकतो, फरक फक्त त्या अक्षराचा. विकणारा जेव्हा म्हणतो "नंबर खूप लो आहे, सुरुवातीचं पीस आहे" तेव्हा अक्षर विचारा, साल विचारा. ५२ नंबरच्या खाली अक्षर असेल तर त्या वर्षी त्याच्या आधी हजारो बनून गेलेत.

आता तुमच्या पिस्तुलाकडे येतो, १९१७ चं डीडब्ल्यूएम. त्या काळी ब्लूइंग म्हणजे रस्ट ब्लू, पार्टला द्रावण लावायचं, गंज चढू द्यायचा, तो ब्रशनं काढायचा, परत लावायचं, असं पुन्हा पुन्हा करत निळा-काळा थर चढवायचा. हे बाहेरच्या पृष्ठभागावर करत, त्यामुळे फ्रेमच्या आतला भाग पांढरा, म्हणजे उघड्या पोलादाचा राहायचा. ट्रिगर, सेफ्टीची कळ, पिस्तूल खोलायची कळ, मॅगझिन सोडायचं बटण हे पार्ट वेगळे तापवून त्यांना गवती पिवळा रंग यायचा, याला स्ट्रॉ फिनिश म्हणतात. मागाहून ज्यांनी रिब्लू केलं त्यांनी बहुतेक वेळा गरम क्षारांच्या टाकीत सगळं बुडवलं, आणि तिथे क्रम मोडला. फ्रेमच्या आत बघा, निळं-काळं दिसलं तर ते १९१७ चं काम नाही. ट्रिगर काळा असेल तर तेच. आणि कुणी हुशारीनं ट्रिगर परत पिवळा केला असेल तर तो सगळीकडे एकसारखा, चकचकीत सोनेरी दिसतो. शंभर वर्षांचा स्ट्रॉ जिथं बोट लागतं तिथं उडालेला आणि खोबणीत तपकिरी झालेला असतो.

मग शिक्के. रिसीव्हरच्या उजव्या बाजूला तपासनीसांचे मुकुट-अक्षरं आणि चाचणीचा गरुड बघायला मिळेल, हा गरुड जास्त दाबाची काडतुसं झाडून नळी टिकली याचा पुरावा. भिंग घ्या, दहापटीचं पुरे, आणि टॉर्च अगदी आडवी धरून प्रकाश सरपटत जाऊ द्या. पंच मारला की धातू बाजूला सरकतो आणि शिक्क्याच्या कडेला बारीक वरंबा उठतो. ब्लूइंगनंतर मारलेल्या शिक्क्याभोवती निळ्या थराला धक्का बसलेला असतो, एक फिकट वलय दिसतं, इकडचे लोक त्याला हेलो म्हणतात. ब्लूइंगच्या आधी मारलेल्यात तो वरंबा पॉलिशमध्ये बसलेला आणि आत निळाई गेलेली असते. कुठला शिक्का कधी मारायचा हे कारखाना आणि काळ बदलला की बदलतं, त्यामुळे त्याच साल-कारखान्याचं, खात्रीचं दुसरं पिस्तूल किंवा त्याचे चांगले फोटो शेजारी ठेवूनच निर्णय करायचा. पण एक गोष्ट सगळीकडे लागू, सगळेच शिक्के, सगळे नंबर पोटातून एकसारखे निळे आणि कडा वितळल्यासारख्या दिसत असतील तर बफवर घासून परत ब्लू केलंय. बफ फिरलेलं अजून एका ठिकाणी लगेच कळतं, स्क्रूच्या आणि पिनच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात आणि रिसीव्हरच्या धारदार कडा गोल होतात. निळ्या थराच्या खाली गंजाचे खड्डे दिसले तर काही विचारायलाच नको.

नळीचा खालचा भाग आवर्जून बघा, लोक हा फोटो मागतच नाहीत. तिथे सिरियल नंबरसोबत नळीच्या आतल्या व्यासाचा आकडा असतो, ८,८२ किंवा ८,८३ असा, आणि जर्मन पद्धतीप्रमाणे मधे टिंब नाही तर स्वल्पविराम. नळी आणि रिसीव्हर जिथे मिळतात तिथे दोन्हींवरून जाणारी एक बारीक रेघ छिन्नीनं मारलेली असते, नळी नेमकी किती फिरवून बसवली याची खूण. ती रेघ दोन तुकड्यांत जुळत नसेल, किंवा दोन रेघा असतील, तर नळी कधीतरी बदललीय. डबल डेट पिस्तुलात बदललेली नळी असणं शक्य आहे, सरकारी दुरुस्तीत जुना नंबर वरून रेघ मारून खोडून नवा मारलेलाही सापडतो. खोडलेला नंबर दिसला म्हणून घाबरू नका, उलट कुणाला लपवायचं असतं तर त्यानं तो पार घासून टाकला असता.

मॅगझिनचा नंबर वेगळा म्हणजे सरळ भाषेत "मॅचिंग, मॅगझिन सोडून". हे अगदी नेहमीचं आहे, शंभर वर्षांत मॅगझिन हरवतातच. मला जास्त भीती वाटते ती उलट्याची, लाकडी बुडाच्या मॅगझिनवर ताजा नंबर मारून जुळवलेल्या जोडीची, कारण लाकडावर आकडे मारणं सगळ्यात सोपं. लाकूड जुनं काळवंडलेलं आणि आकड्याच्या खाचेत मात्र स्वच्छ फिकट लाकूड दिसलं की समजायचं.

आता क्रम मोडणं म्हणजे काय याचं सगळ्यात चांगलं उदाहरण माऊजरच्या काळात आहे म्हणून थोडं विषयांतर करतो. १९३० मध्ये ल्युगर बनवायची मशिनरी बर्लिनहून माऊजरच्या ओबेर्नडॉर्फच्या कारखान्यात गेली. सोबत तयार पार्टही गेले, त्यामुळे तिशीच्या सुरुवातीच्या काही पिस्तुलांच्या टॉगलवर डीडब्ल्यूएम आहे पण जोडणी माऊजरची. मग १९३४ मध्ये गुपचूप सैन्य वाढवायला सुरुवात झाली, तह मोडत होते ना, म्हणून कारखान्याचं नाव लपवून एस/४२ हा कोड आणि सालाऐवजी अक्षर, के म्हणजे १९३४ आणि जी म्हणजे १९३५. १९३६ पासून सालं उघड. पुढे कोड ४२ झाला, आणि १९४१ पासून बीवायएफ. आणि १९३७ मध्ये मधेच माऊजरनं रस्ट ब्लू सोडून क्षारांचं ब्लूइंग सुरू केलं आणि स्ट्रॉ बंद केला, ट्रिगर-सेफ्टी सगळं निळं. म्हणजे एस/४२ १९३७ ही दोन्ही प्रकारांत अस्सल सापडतात, पण एस/४२ जी चेंबरचं पिस्तूल क्षारांच्या ब्लूइंगमध्ये आणि काळ्या ट्रिगरचं आलं तर ते रिब्लू, आणि बीवायएफ ४२ पिवळ्या ट्रिगरचं आलं तर कुणीतरी सुंदर दिसावं म्हणून उद्योग केलाय. नंबर सगळे जुळत असतील, तरीही.

बीवायएफ ४१ आणि ४२ ची काळ्या बेकलाइट मुठीची पिस्तुलं "ब्लॅक विडो" म्हणून जास्त पैशांना विकतात, ते नाव युद्धानंतर अमेरिकेतल्या विक्रेत्यांनी ठेवलेलं आहे, जर्मन लष्करात असं काही नव्हतं. नावासाठी जादा पैसे देऊ नका.

खोटेपणा सगळ्यात जास्त कुठे, तर जिथे भाव जास्त तिथे. सुलच्या क्रीगहॉफनं हवाई दलासाठी साधारण १०,००० पिस्तुलं केली, कमी संख्या म्हणून भाव कितीतरी जास्त, म्हणून साध्या माऊजरवर क्रीगहॉफचे शिक्के मारलेले फिरतात. खऱ्यावर हवाई दलाच्या तपासणीचा गरुड आणि खाली २ असतो, माऊजरचे तपासणी नंबर वेगळे, आणि माऊजरचे जुने शिक्के घासल्याशिवाय हे करता येत नाही, म्हणून रिसीव्हरची ती बाजू सपाट आहे की किंचित खोलगट ते पट्टी लावून बघा. तोफखान्याचं मॉडेल साध्या पी०८ ला २०० मिमी नळी बसवून करतात. एर्फुर्टनं तोफखान्याचं मॉडेल फक्त १९१४ मध्ये केलं, त्यामुळे "एर्फुर्ट १९१७ आर्टिलरी" समोर आली तर नळी मागाहून आलेली आहे. आणि एसएसची चिन्हं, कवटी, कुणा मोठ्या नाझी अधिकाऱ्याचं नाव कोरलेलं, याच्याबद्दल मी एवढंच म्हणेन की कागदोपत्री पुरावा नसेल तर त्या कोरीवकामामुळे पिस्तुलाची किंमत कमी धरा, जास्त नाही.

मुठीच्या पुढच्या पट्टीवर कधीकधी रेजिमेंटचे शिक्के असतात, अक्षरं आणि आकडे, मधे टिंबं. तुमच्या फोटोत ती बाजू दिसत नाहीये. असतील तर हे बघा की अक्षरांच्या खाचेतली झीज आणि शेजारच्या पट्टीची झीज एकाच वयाची आहे का, हात तिथं सारखा लागतो त्यामुळे नव्या शिक्क्याची धार लगेच वेगळी पडते.

अजून एक गट आहे तो माहीत असू द्या. दुसऱ्या महायुद्धात रशियानं पकडलेली हजारो पिस्तुलं गोदामात साफ करून, वेगवेगळ्यांचे पार्ट एकत्र करून, गरम टाकीत बुडवून ठेवली आणि पुढे अमेरिकेत आयात झाली. १९६८ च्या कायद्यानंतर आयात झालेल्यावर आयातदाराचा शिक्का लागतो, नळीवर किंवा फ्रेमवर बारीक अक्षरात, तो शोधा. "आजोबांनी युद्धातून खिशात घालून आणलं" ही गोष्ट आणि नळीवर आयातदाराचं नाव, दोन्ही एकत्र खरं असू शकत नाही.

ऑफिसरचं होतं या दाव्याबद्दल. पी०८ ऑफिसरांकडे होतं तसं मशीनगनवाल्यांकडे, तोफखान्यातल्या जवानांकडे, सार्जंटकडे पण होतं. पिस्तुलावरून ते कळत नाही. तुमच्या विक्रेत्याकडे पत्र, फोटो, पकडलेल्या वस्तूचा लष्करी परवाना असं काही असेल ज्याच्यावर सिरियल नंबर लिहिलाय, तर त्या कागदाला खरी किंमत आहे.

हे नंबर आणि कागदाचं नातं आपल्या इतिहासातही एका ठिकाणी फार महत्त्वाचं ठरलं. २६ ऑगस्ट १९१४ ला कलकत्त्यात रॉडा कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी ५० माऊजर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं पळवली. ही सी९६, ल्युगर नाही, लाकडी पेटीच दस्ता म्हणून मागं लावता येते ती. प्रत्येकाचा नंबर कंपनीच्या दप्तरात होता, म्हणूनच पुढे ठिकठिकाणी सापडलेलं पिस्तूल त्याच मालातलं हे पोलिसांना सिद्ध करता आलं. १९१८ च्या राउलट समितीच्या अहवालात ५० पैकी ३१ परत मिळाल्याचं लिहिलंय. म्हणून कुणी जुनं सी९६ दाखवून "हे क्रांतिकारकांचं" म्हणालं तर माझा पहिला प्रश्न नंबरचाच असतो, आणि माझ्यासाठी हा नुसता बाजाराचा प्रश्न नाही, ज्यांनी त्या पिस्तुलांसाठी जीव दिला त्यांच्या नावावर खोटी वस्तू विकली जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

सी९६ मध्येच एक नेहमीचा सापळा सांगून ठेवतो, रेड नाइन. पहिल्या महायुद्धात प्रशियानं ९ मिमीच्या १,५०,००० सी९६ ची ऑर्डर दिली, साधारण १,३७,००० युद्ध संपेपर्यंत पोचली, आणि नेहमीच्या ७.६३ मिमीशी घोळ होऊ नये म्हणून लाकडी मुठीवर ९ कोरून लाल रंग भरला. आता नव्या लाल-९ मुठी सुट्या विकत मिळतात. साइट बघा, रेड नाइनची ५०० मीटरपर्यंत असते, ७.६३ ची बहुधा १,००० पर्यंत. मूठ लाल ९ ची आणि साइट १,००० ची असेल तर घेऊ नका.

कायद्याचं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात अँटिक म्हणजे १८९८ किंवा त्याच्या आधी बनलेलं, त्यामुळे कुठलंही पी०८ कायद्यानं अँटिक नाही, विक्रेत्यानं कितीही तसं म्हटलं तरी. ते पन्नास वर्षांवरच्या संग्राह्य हत्यारांत बसतं, पण खरेदी तुमच्या राज्याच्या नियमांनी, कागदपत्रांसकट करा. आणि तुम्ही शेवटी विचारलंय की बाबांना दाखवायला पुण्याला नेता येईल का, तर अजिबात नाही. भारतात ९ मिमी सामान्य नागरिकाला निषिद्ध बोअरमध्ये (नळीच्या मापात) येतं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्या हत्यारांना जी सूट आहे ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशांना, आणि तुमचं तर चालू आहे. फोटो दाखवा.

हाताळताना मॅगझिन काढा, टॉगल मागं ओढून चेंबर डोळ्यांनी बघा. एक्स्ट्रॅक्टरवर गेलाडेन, म्हणजे भरलेलं, लिहिलेलं वर उचललेलं दिसलं तर आत काडतूस आहे. आणि ल्युगरचं एक वैशिष्ट्य जे माहीत असायलाच हवं, नळी-रिसीव्हर फ्रेमपासून वेगळे काढले तरी आत काडतूस असेल तर फायरिंग पिन अडवून धरणारी बाजूची सिअरची पट्टी दाबली जाऊन ते उडू शकतं. म्हणून चेंबर रिकामं बघितल्याशिवाय खोलायला घेऊच नका. घेतलंत तर झाडू नका, नंबरवाली फायरिंग पिन किंवा एक्स्ट्रॅक्टर तुटला की तो परत मिळत नाही.

भावाबद्दल माझा ठोकताळा असा, सगळे पार्ट जुळणारं आणि मूळ फिनिशचं यांच्यापुढे रिब्लू केलेलं किंवा मिसळलेल्या पार्टचं साधारण निम्म्यावर येतं. विक्रेत्यानं पहिल्या प्रकारचा भाव सांगितलाय. त्याच्याकडून चार फोटो मागा, नळीचा खालचा भाग, रिसीव्हरची उजवी बाजू आडव्या प्रकाशात, मुठीच्या पट्ट्या काढून फ्रेमची आतली बाजू, आणि ट्रिगर-सेफ्टी उन्हात. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ट्रिगर पिवळा दिसतोय आणि कडा धारदार वाटतायत, त्यामुळे मला आशा आहे. फ्रेम आतून पांढरी निघाली आणि नळीची रेघ जुळली तर मॅगझिन जुळत नाही हे दाखवून सांगितलेल्या भावात घासाघीस करून घ्या. आतून काळी निघाली तर निम्म्याच्या वर एक डॉलर देऊ नका.